मदत हवी आहे: करवलीच्या छोट्या केसांचा अंबाडा कसा टिकवायचा?

नमस्कार मैत्रिणींनो, पुढच्या महिन्यात ठाण्यात माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न आहे आणि मी करवली. नऊवारी, नथ सगळं ठरलंय, पण माझे केस जेमतेम खांद्यापर्यंत आणि चुलतबहिणीचा तर हनुवटीपर्यंतचा बॉब. ताईची खूप इच्छा आहे की आम्ही दोघींनी अंबाडा घालून गजरा माळावा.

काल ट्रायल केली, दोन्ही बाजूंनी केस पिळून मागे पिनांनी अडकवले, खाली छोटा डोनट (अंबाडा फुगीर करायची गोल रिंग) लावला, समोरून छान दिसत होतं पण मानेजवळचे केस तासाभरात सुटले, आणि केस आदल्या दिवशी धुतलेले बरे हे मला नंतर कळलं, ताजे धुतलेले फार घसरतात. आता पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवून बघणार आहे.

बॉबवर तयार खोपा बसतो का? गजऱ्याच्या वजनाने तो खाली येईल अशी धास्ती वाटते. मुहूर्त सकाळचा आहे, जेवणावळीपर्यंत टिकायला हवं. जांभळी नाक्याला किंवा गोखले रोडला केसांच्या रंगाशी जुळणारा खोपा, जाळी, यू पिना चांगल्या कुठे मिळतील? कुणी छोट्या केसांवर केलं असेल तर प्लीज नीट सांगा, ताईसाठी मनापासून करायचंय.