ट्वेल्व्ह किंगडम्स (जुनी अ‍ॅनिमे) : पुढे बघू का सोडून देऊ?

कोरा_चहा:
मंडळी, सल्ला पाहिजे. मावसभाऊ गेलं वर्षभर डोकं खातोय की ट्वेल्व्ह किंगडम्स बघच बघ, तुझ्या त्या नव्या सिरीज याच्यापुढे पाणी कम. 2002 ची जपानी अ‍ॅनिमे (म्हणजे कार्टून सिरीज) आहे, 45 भाग, शेवटी वैतागून लावली आणि पाच भाग झाले. आता मला प्रामाणिकपणे सांगा, लोक हिला एवढं डोक्यावर का घेतात? योको नावाची लाल केसांची शाळकरी पोरगी, शाळेत अचानक एक लांब सोनेरी केसवाला माणूस येतो, तिच्या पाया पडतो आणि धड काहीही न सांगता 'मान्य आहे म्हण' असा धोशा लावतो, मग राक्षस, मग समुद्र, मग भलतीच दुनिया, आणि तिथे पोचल्यावर ही बाई नुसती रडते. भेटेल तो फसवतो हिला आणि ही परत रडते. शिवाय चिनी-जपानी नावांचा असा भडिमार की वही घेऊन बसावं लागतंय. चित्रं मात्र सुंदर आहेत आणि सुरुवातीचं संगीत, ते बिनशब्दांचं, ते मी एकदाही स्किप केलेलं नाही. पण नुसत्या टायटल म्युझिकसाठी अजून 40 भाग?

घाटमाथा:
सोडू नकोस रे बाबा. नेमक्या चुकीच्या जागी थांबलायस. मी ही हॉस्टेलला असताना कुणाच्या तरी सीडीवरून पाहिली, मीही चौथ्या-पाचव्या भागाला शिव्या घातल्या होत्या आणि पार्टनर झोपला म्हणून पुढचा भाग लावला, मग सकाळचं लेक्चर बुडलं.

योको रडकी आहे हे खरंय, पण ते लेखिकेने मुद्दाम केलंय. फुयुमी ओनोच्या कादंबऱ्यांवरून घेतलंय हे सगळं, त्यातली योकोची पहिली कादंबरी 1992 ची. घरी-शाळेत सगळ्यांना बरं वाटावं म्हणून जगणारी मुलगी आहे ती, कुणाला नाही म्हणत नाही, वर्गात एखादीला वाळीत टाकलं तर ही पण गप्प. अशा मुलीला जिथे कुणालाच खूश करून उपयोग नाही अशा ठिकाणी टाकलं तर काय होईल? ती चांगली होत नाही, आधी वाईट होते. संशयी, कडू, कुणी हात पुढे केला की तलवारीवर हात. थोडा स्पॉयलर देतो : पुढे एक उंदीर भेटतो, राकुशुन, लहान मुलाएवढा बोलणारा उंदीर, तो हिला रस्त्यावरून उचलून आणून बरी करतो. आणि एका हल्ल्यात ही त्याला जखमी टाकून पळते, वर हिच्या मनात येतं की परत जाऊन त्याला संपवावं, म्हणजे आपला पत्ता तरी कुणाला सांगणार नाही. हिरोईनच्या डोक्यात असला विचार घालायला हिंमत लागते. तिथून पुढे ती जी बदलते ना, ते तुला पटतं, कारण आधीचं रडगाणं तू सोसलेलं असतंस.

आणि राज्य मिळणं म्हणजे काय ते इथे जसं दाखवलंय तसं मी तरी फॅन्टसीत फार पाहिलं नाही. बारा राज्यं, प्रत्येकाला एक राजा आणि एक किरिन. किरिन म्हणजे देवाघरचा प्राणी, माणसाचंही रूप घेतो, तोच राजा निवडतो. तो सोनेरी केसवाला केइकी तोच. निवडला की राजा म्हातारा होत नाही, पाचशे वर्षंसुद्धा राज्य करेल. पण राजा वाट चुकला की आधी किरिन आजारी पडतो, आणि किरिन मेला की राजाही फार दिवस टिकत नाही. म्हणजे राजाच्या कारभाराचं प्रगतिपुस्तक त्याच्या शेजारी उभं राहून खोकतंय असं समज.

खवचट_काका:
प्रगतिपुस्तक 😂 हे आवडलं.

तरी दुसरी बाजू मांडतो. ही अ‍ॅनिमे भारी आहे पण तिचे भक्त तिचे दोष सांगत नाहीत. एक, सुगिमोतो आणि आसानो. योकोबरोबर तिच्या वर्गातली ही दोघं पण त्या जगात जातात ना, पुस्तकात योको एकटी जाते. एकटी! सुगिमोतो पुस्तकात नावापुरती आहे आणि आसानो तर अ‍ॅनिमेवाल्यांनी घरी तयार केलेला माल. एकटेपणा हाच जिथे गोष्टीचा जीव आहे तिथे दोन सोबती दिले की अर्धी धार जाते. दोन, बोलतात फार. एखादा दरबारी उभा राहून प्रांत, सुभे, पदं समजावत बसतो तेव्हा मला आमच्या नागरिकशास्त्राच्या बाई आठवायच्या. तीन, गोष्ट पुरी होत नाही, ते शेवटी सांगतो.

घाटमाथा:
काका, सुगिमोतोबद्दल अर्धं मान्य. पण पुस्तकात योकोच्या मनात जे चालतं ते पडद्यावर दाखवायचं कसं, तिला सतत स्वतःशी बोलायला लावणार का? सुगिमोतोला लहानपणापासून वाटतंय की मी या जगाची नाही, मला दुसरीकडून कुणीतरी न्यायला येणार, आणि न्यायला येतात ते भलतीला. आपण जे फॅन्टसी बघणारे आहोत ना, ती सुगिमोतो आपणच आहोत, योको नाही. मला ते पात्र झोंबलं होतं.

अर्धी_भाकरी:
माझा आवडता विषय आणि मी उशिरा पोचले.

चिनी पुराणांचं कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. यातले कितीतरी राक्षस 'शान हाय जिंग' नावाच्या फार जुन्या चिनी ग्रंथातल्या जनावरांवरून आलेत, डोंगर-समुद्रांची यादी आणि कुठे कोणता विचित्र प्राणी राहतो त्याचं वर्णन, असं ते पुस्तक आहे. त्यातली पश्चिमेची राणीमाता नावाची देवी पण इथे आहे. आणि किरिन म्हणजे चिनी छीलिन, चांगला राजा असेल तेव्हाच दिसतो असा समज. (अवांतर : 1414 मध्ये बंगालच्या सुलतानाने चीनच्या बादशहाला जिराफ पाठवला तर दरबारात छीलिन आला म्हणून कौतुक झालं, आणि जपानीत जिराफाला आजही किरिनच म्हणतात.)

पण ओनोबाईंनी नुसते प्राणी उचलले नाहीत. राजाला राज्य आकाशाने दिलेलं असतं आणि तो बिघडला की आकाश ते काढून घेतं, पूर-दुष्काळ ही त्याची खूण, हा जुना चिनी विचार त्यांनी अगदी शब्दशः घेतलाय. गादी रिकामी राहिली की खरोखरच पीक बुडतं आणि राक्षस गावात शिरतात. आपल्याला हे परकं वाटू नये, शंतनू आणि देवापीची गोष्ट आठवा, थोरल्याला डावलून धाकटा गादीवर बसला आणि 12 वर्षं पाऊस नाही. फरक एवढाच की आपली गोष्ट यज्ञ करून संपते आणि इथे त्या दुष्काळात माणसं कशी जगली ते दाखवतात. मुलं पण तिथे झाडाला लागतात, नवरा-बायकोने फांदीला फीत बांधायची आणि दहा महिने थांबायचं. हसू नका, एकदा हे मान्य केलं की त्या जगातलं घराणं, वारसा, सगळंच वेगळं होतं, आणि ओनोबाई ते शेवटपर्यंत पाळतात.

मला स्वतःला मात्र सुझु आवडते. योकोच्या राज्याच्या भागात येते, कोरा_चहा तुम्ही अजून तिथे पोचला नाहीत. मेजी काळातली (1868 ते 1912) गरीब जपानी मुलगी, वादळात वाहून त्या जगात आलेली, आणि योकोला कळते तशी तिला तिथली भाषा आपोआप कळत नाही. तिथल्या अमर लोकांना सगळ्या भाषा कळतात, म्हणून निव्वळ बोललेलं समजावं यासाठी ती एका खडूस बाईच्या घरी शंभर वर्षं शिव्या खात राबते. मी लग्न होऊन जर्मनीत आले तेव्हा पहिले सहा महिने बेकरीत बोट दाखवून पाव मागायचे, तेव्हा ही पाहिली, आणि मला पहिल्यांदा माझंच खरं वाटलं तिच्यात. मग एक आजारी पोरगा तिला तोंडावर सांगतो की तू रडतेस ते स्वतःची कीव करत. मी लॅपटॉप बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी भाषेच्या क्लासला नाव घातलं, आता हे सिरीजमुळे का त्या बेकरीवाल्या बाईमुळे ते नक्की सांगता येणार नाही.

आणि शेवटचं. पहिल्या भागात केइकी डोकं टेकवतो ते लक्षात ठेवा. किरिन आपल्या राजाशिवाय कुणापुढे झुकूच शकत नाही, मान दाबली तरी नाही. आता राणी झाल्यावर योकोचा पहिला हुकूम काय असतो? समारंभ सोडून कुणीही कुणापुढे जमिनीला डोकं टेकायचं नाही. कर कमी केला नाही, लढाई पुकारली नाही, एवढंच. तिथपर्यंत यायला जवळजवळ 40 भाग लागतात आणि मला एकही जास्तीचा वाटला नाही.

खवचट_काका:
ताई, मला दोन-तीन वाटले. पण हुकमाचा भाग मी पण परत परत पाहतो, कबूल.

कोरा_चहा:
तुमच्यामुळे शनिवार-रविवार गेला, बाराव्या भागापर्यंत आलोय. उंदीर भेटला. तो रस्त्यात टाकून जाण्याचा सीन बघून पोटात कालवलं आणि नंतर ती दोघं परत भेटतात, ही त्याला घट्ट मिठी मारते आणि तो लाजून म्हणतो की अगं मी वयात आलेला पुरुष आहे, तिथे मी एकटाच मोठ्याने हसलो, आईने येऊन विचारलं काय झालं. मावसभावाला अजून सांगितलेलं नाही, तो उड्या मारेल. काका, ते तिसरं काय ते सांगा, गोष्ट पुरी होत नाही म्हणजे?

खवचट_काका:
पंधराव्या भागापासून ताइकीची गोष्ट सुरू होते, छोटा काळा किरिन, जपानात वाढलेला. त्याचं पुढे काय झालं ते अ‍ॅनिमे सांगतच नाही, 2003 मध्ये बंदच झाली. आम्ही वाट बघत बसलो. पुस्तकात पण त्याचा शेवट 2019 ला आला, चार खंड दोन महिन्यांत, आधीची मोठी कादंबरी होऊन 18 वर्षं झाली होती. ज्यांनी कॉलेजात सुरू केली त्यांची पोरं शाळेत गेली तोवर.

कोरा_चहा:
मग ताइकीचे भाग गाळून थेट योकोवर जाऊ का?

अर्धी_भाकरी:
अजिबात गाळू नका!! तो लहानसा पोरगा आपण खोटं बोललो म्हणून रात्र रात्र जागतो ते सोडून कसं चालेल. अर्धवट तर अर्धवट.

घाटमाथा:
+1. आणि सोमवारी सुट्टी टाकून ठेव.