मदत हवी आहे : एसटीचं भाडं अंतरावर नेमकं कसं ठरतं? गावातून आणि फाट्यावरून तिकीट सारखंच कसं?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एसटीच्या भाड्याचं गणित कुणी नीट उलगडून सांगेल का? वाहक, आगारातले लोक, रोज अप-डाऊन करणारे, सगळ्यांनाच विचारतोय.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गाव मुख्य रस्त्यापासून 3 किलोमीटर आत आहे. थोरला मुलगा जूनपासून तालुक्याच्या ठिकाणी एका औषधाच्या दुकानात कामाला लागला. पगार बेताचा, आणि तिकिटाचे पैसे त्यातूनच जातात. त्यामुळे त्यानं पहिल्या दिवसापासून ठरवलं की फाट्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून गाडी पकडायची. तीन किलोमीटर कमी झाले की एखादा टप्पा तरी वाचेल, हा त्याचा हिशोब. मलाही तो पटला. तेव्हापासून तो रोज पहाटे उठून, डबा घेऊन, अंधारातच निघतो. परतताना कधी कुणाच्या गाडीवरून येतो, कधी चालत.

गेल्या आठवड्यात जोराचा पाऊस होता, म्हणून मीच म्हटलं की आज गावातूनच बस. संध्याकाळी आल्यावर त्यानं खिशातून दोन तिकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. एक आदल्या दिवसाचं, फाटा ते स्टँड, 61 रुपये. दुसरं त्या दिवसाचं, गाव ते स्टँड, तेही 61 रुपये. दोन्ही साध्या गाड्या. तो काही बोलला नाही, पण चार महिने पोरगं उगाच चालत गेलं हे माझ्या मनाला फार लागलं.

मग मी स्वतः मोटरसायकलवरून मोजलं. फाट्यापासून स्टँडपर्यंत काट्यावर बरोबर 26 किलोमीटर भरले. मला एवढं ठाऊक आहे की एसटीचा एक टप्पा 6 किलोमीटरचा असतो आणि साध्या गाडीला टप्प्याला 10 रुपये 5 पैसे पडतात. 26 भागिले 6, म्हणजे चार टप्पे आणि वर थोडं. पाच धरले तरी 50 रुपयांच्या आसपास व्हायला हवं. मग 61 कसे? वाहकाला विचारलं तर त्यानं मशीन माझ्यापुढे धरून सांगितलं, "काका, मी थांबा निवडतो, आकडा आपोआप येतो. मला तो बदलता येत नाही." माणूस चांगला होता, गाडीत गर्दी असतानाही त्यानं थांबून दाखवलं.

तर प्रश्न असे. तिकीट 61 कसं होतं? फाट्यावरून बसण्यात काही फायदा आहे की नाही? आणि मासिक पास काढला तर तो कुठून कुठपर्यंतचा काढावा?

जाता जाता आणखी एक. पुतणी दिवाळीत पुण्याहून खासगी ट्रॅव्हल्सनं आली. एसी नसलेली झोपायची गाडी, अंतर साधारण 240 किलोमीटर, आणि तिच्याकडून 1400 रुपये घेतले. खासगी गाड्यांना अंतराचा काही नियम आहे की मागतील तेवढे द्यायचे?

जाणकारांनी कृपया सांगावं.

घंटीची दोरी

मी वाहक म्हणून 31 वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पत्र्याची तिकीटपेटी आणि पंच घेऊन सुरुवात केली, शेवटची काही वर्षं मशीनवर. तुमचा प्रश्न प्रवाशांनी मला शेकडो वेळा विचारलाय, आणि घाईत नीट उत्तर द्यायला कधी जमलं नाही. आता देतो.

पहिली गोष्ट, तिकिटातला वरचा एक रुपया. तो भाड्याचा नाही, अपघात सहाय्यता निधीचा. 2016 पासून प्रत्येक तिकिटावर घेतला जातो. तो बाजूला काढा. तुमचं भाडं 60 रुपये आहे. 10.05 गुणिले 6 म्हणजे 60.30, ते पूर्ण रुपयात 60. म्हणजे मशीननं तुमचे सहा टप्पे धरलेत. पहिल्या टप्प्याला 11 आणि दोन टप्प्यांना 21 असे विषम आकडे येतात तेही याच एका रुपयामुळे.

दुसरी गोष्ट. टप्पा तुटत नाही. 24 किलोमीटरपर्यंत चार टप्पे, पंचविसावा किलोमीटर लागला की पाच. 30 पर्यंत पाच, एकतिसाव्याला सहा. टप्प्याच्या काठावर राहणाऱ्या गावाला एका किलोमीटरसाठी दहा रुपये जास्त पडतात, आणि टप्प्याच्या पोटात असलेल्या गावाला चार-पाच किलोमीटर फुकट मिळाल्यासारखे होतात.

आता तुमचं नेमकं कुठे अडलंय ते. तुम्ही अंतर मोजलंत मोटरसायकलनं. एसटीचं अंतर मोजलं जातं गाडी ज्या रस्त्यानं जाते त्या रस्त्यानं. गाडी मधल्या कुठल्या गावात आत शिरून स्टँडवर जाऊन परत मुख्य रस्त्याला लागते का? लागत असेल तर ते जाणं-येणं दोन्ही अंतरात धरलेलं असतं. तुम्ही बसल्या जागी बसून असलात तरी चाक फिरलंय. मला वाटतं तुमच्याकडे असंच काहीतरी आहे. मुलाला विचारा.

माळरान

दादा, तुम्ही बरोबर ओळखलंत. मुलाला आत्ताच विचारलं. मधे एक मोठं बाजारगाव आहे, गाडी तिथे आत जाते, स्टँडवर पाचेक मिनिटं थांबते आणि त्याच रस्त्यानं बाहेर येते. मी मोटरसायकलवरून सरळ पुढे गेलो, ते ध्यानातच आलं नाही. आत जायला अडीच किलोमीटर आहेत.

घंटीची दोरी

मग सगळं जुळलं. अडीच जाणं, अडीच येणं, पाच झाले. 26 आणि 5, एकतीस. म्हणजे सहावा टप्पा सुरू झाला. गावातून बसलं तर आणखी तीन, चौतीस. तोही सहाव्याच टप्प्यात, कारण सहावा 36 ला संपतो. म्हणून दोन्ही तिकिटं 61 ची.

यात एक कामाची गोष्ट आहे. त्या रस्त्यावर बाजारगावात आत न शिरणारी एखादी गाडी असेल तर तिचे किलोमीटर 26 च भरतील, पाच टप्पे, 51 रुपये. बाहेरच्या आगाराची लांब पल्ल्याची साधी किंवा जलद गाडी बघा. साध्या आणि जलद गाडीचा टप्प्याचा दर सारखाच आहे. फक्त निमआराम पकडू नका, तिचा टप्पा 13.65 चा आहे.

एकाच दोन गावांमधे दोन गाड्यांचं तिकीट वेगळं असलं की लोक वाहकाशी भांडतात. दर एकच असतो, रस्ता वेगळा असतो. कुठे नवा पूल झाला, वळणरस्ता झाला आणि गाडी कायमची त्यावरून जायला लागली, तर प्रवाशांनी आगार व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करून अंतर पुन्हा मोजून मागावं. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

रोजची फेरी

मी चौदा वर्षं रोज एसटीनं शाळेत जाते, त्या अनुभवावर थोडी भर घालते.

भाडं ठरवणं आगाराच्या किंवा वाहकाच्या हातात नसतं. महामंडळ प्रस्ताव देतं आणि राज्य परिवहन प्राधिकरण मंजुरी देतं. डिझेल, टायर, चासी, कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यांच्या किमती धरून एक सूत्र ठरलेलं आहे. ऑक्टोबर 2021 मधे 17.17 टक्के वाढ झाली तेव्हा साधी गाडी टप्प्याला 8.70 वर गेली. त्यानंतर थेट 25 जानेवारी 2025 ला 14.95 टक्के वाढ झाली आणि 10.05 झाले. या वाढीआधी तिकीट पाचाच्या पटीत असायचं, त्यामुळे जुन्या तिकिटाशी आताचं तिकीट ताडून बघाल तर हिशोब लागणार नाही.

आम्हा बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. तेही टप्प्याच्या भाड्यावरच, निधीचा रुपया पूर्ण घेतात. तुमच्या घरातली बाई त्याच गाडीत बसली तर 60 चे 30 आणि वर 1, असे 31 होतील.

आता पासाचं. मासिक पासाला 20 दिवसांचं भाडं भरायचं आणि 30 दिवस प्रवास करायचा. त्रैमासिक पासाला 50 दिवसांचं भरून 90 दिवस. तुमच्या सहा टप्प्यांचा हिशोब करून बघितला. मुलगा महिन्याला 26 दिवस कामावर जात असेल तर रोजच्या तिकिटाला 122 प्रमाणे 3172 रुपये जातात. मासिक पास 60 गुणिले 2 गुणिले 20, म्हणजे 2400 च्या आसपास. त्रैमासिक 6000 च्या आसपास, म्हणजे महिन्याला 2000 पडले. चार महिने तिकीट काढून प्रवास केलात, तो खर्च मात्र फार झाला भाऊ. पास आधीच काढायला हवा होता. मुलाला सांगा, ओळखपत्र सतत जवळ ठेव.

कलम 67

खासगी गाडीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नियम आहे. मोटार वाहन कायदा 1988 मधे भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसला, त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या प्रति किलोमीटर भाड्यापेक्षा जास्तीत जास्त 50 टक्के अधिक घेता येतात. दिवाळी असो, गणपती असो, मर्यादा तीच.

तुमच्या पुतणीचा हिशोब. एसी नसलेल्या शयनयान एसटीचा टप्पा 14.75 चा. 240 किलोमीटर म्हणजे 40 टप्पे, 590 रुपये. त्यावर 50 टक्के, 885. तिच्याकडून 1400 घेतले, म्हणजे 515 रुपये जास्त. तिकीट, पैसे भरल्याचा मेसेज आणि गाडीचा नंबर असेल तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात तक्रार करा. गाडीचा नंबर महत्त्वाचा, कारण कारवाई परवान्यावर होते. बहुतेक लोक पाचशे रुपयांसाठी कोण फिरणार म्हणून सोडून देतात, आणि त्यामुळेच दर सणाला हे चालतं. तुम्ही कराच.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी मी स्वतः मुलाबरोबर गेलो, म्हणून उशिरा लिहितोय.

फाट्यावर 7:40 ला लांबची एक जलद गाडी येते. आम्ही तिला इतके दिवस हात केला नव्हता, थांबणार नाही असं वाटायचं. आज हात केला तर थांबली. वाहकानं स्टँडचं तिकीट दिलं, 51 रुपये. मी चालकाच्या मागच्या सीटवर बसलो होतो. बाजारगावाचा फाटा आला, गाडी आत न वळता सरळ निघाली, आणि मुलानं माझ्याकडे बघितलं. त्याला आतापर्यंत एवढं हसताना क्वचितच पाहिलंय.

पण अडचण परतीची आहे. ही गाडी संध्याकाळी 5 ला परत निघते आणि त्याचं दुकान सुटतं 7 ला. तेव्हा मिळते ती आमची मुक्कामी गाडी, आत शिरणारी, 61 वाली. ती मात्र थेट गावात, देवळापाशी सोडते.

स्टँडवर पासाच्या खिडकीत विचारलं. तिथल्या ताईंनी सांगितलं की पास गाव ते तालुका असा सहा टप्प्यांचाच घ्या, म्हणजे सकाळी फाट्यावरून कुठलीही साधी किंवा जलद गाडी चालेल आणि रात्री गावापर्यंत येता येईल. पाच टप्प्यांचा घेतला तर रात्रीच्या गाडीला उरलेले पैसे रोज भरावे लागतील. रोजची सुटी तिकिटं काढली तरी 51 आणि 61 मिळून 112, महिन्याचे 2912 होतात. म्हणजे पासच परवडतो. एकदम 6000 भरणं या महिन्यात जमणार नाही, म्हणून सोमवारी मासिक काढतोय. डाळिंबाचे पैसे आले की पुढचा त्रैमासिक.

पुतणीकडे तिकीट आहे, गाडीचा नंबर तिनं बसताना काढलेल्या फोटोत सापडला. अर्ज उद्या देतो.

घंटीची दोरी दादा, एक शेवटचं विचारतो. सहा टप्प्यांचा पास असताना मुलगा फाट्यावर चालत गेला काय आणि गावातून बसला काय, पैशात फरक नाही ना?

घंटीची दोरी

एक पैशाचाही नाही. त्याला सकाळी झोपू द्या, गावातूनच बसू दे.