रिझ्युमेतला 'इंजिनिअर' कॅपिटल की स्मॉल?

बर्डीचा टायपिस्ट:
सीताबर्डीवर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आपलं. कॅम्पसचा सीझन आला की पोरं रिझ्युमे घेऊन येतात अन् मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे एवढ्या साध्या इंग्रजी वाक्यातबी एम अन् ई कॅपिटल. काल एकाचे स्मॉल करून दिले तर भाऊ भडकला, म्हणे माझी डिग्री लहान करून राहिले का तुम्ही? आता बोला! पद नावाच्या आधी चिकटलं, प्रोफेसर अमुक तमुक, तर कॅपिटल. नुसतं 'ते प्रोफेसर आहेत' म्हटलं की स्मॉल. चूक आहे का?

कोर्टाचा कारकून:
चूकच आहे. संविधानाची इंग्रजी प्रत उघडा, प्रेसिडेंट, गव्हर्नर, प्राइम मिनिस्टर सगळीकडे कॅपिटल, नाव जवळपास नसलं तरी. आम्ही बेंचसमोरच्या अर्जात पिटिशनर, रिस्पॉन्डंट कॅपिटलच टाइप करतो. पदाचा मान असतो साहेब.

बर्डीचा टायपिस्ट:
मान नाही हो, ओळख. तुमच्या अर्जातला पिटिशनर म्हणजे तो एकच माणूस, त्या कागदापुरतं ते त्याचं नावच झालं. अन् इंजिनिअर? बर्डीवर दगड मारला तर तिघांना लागंल. अमेरिकेतली शिकागो स्टाइल, म्हणजे पुस्तकं छापणाऱ्यांची इंग्रजी लेखनाची नियमावली, तर नाव नसलं की त्यांच्या प्रेसिडेंटलाबी स्मॉल पी देते.

धरमपेठची इंग्रजीवाली:
दोघंही डिग्री विसरले. बॅचलर्स डिग्री असं मोघम लिहिलं तर स्मॉल, यात वाद नाही. बॅचलर ऑफ आर्ट्स असं पूर्ण नाव असेल तर एपी, म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची नियमावली, कॅपिटल करते, शिकागो वाक्यात तेही स्मॉल ठेवते, म्हणून एक काहीतरी धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. विषयांत फिजिक्स, इकॉनॉमिक्स स्मॉल, पण इंग्लिश, मराठी, संस्कृत कॅपिटल, कारण ती भाषांची नावं आहेत. विषयाचं महत्त्व नाही मोजत कोणी. माझेच विद्यार्थी हिस्ट्री कॅपिटल आणि इंग्लिश स्मॉल लिहितात, डोकं फिरतं.

फायनल इयर:
मॅम, नियम ठीक आहे पण शंभर रिझ्युमेत आपला दिसला तर पाहिजे ना!

बर्डीचा टायपिस्ट:
मग बोल्ड कर ना बे. हेडिंगमध्ये अन् सहीखाली पद कॅपिटल चालते, तिथं कोणी अडवत नाही.

इतवारीचा पत्रिकावाला:
देवनागरीत कॅपिटल नाही म्हणून सुटलो असं वाटते का? लोकं मा., अॅड., इंजि. लावून तीच हौस भागवतात. मागच्या सीझनला एका नवरदेवाचं चि. इंजि. मधलं इंजि. सुटलं तर मामानं पूर्ण गठ्ठा परत आणला, अन् कागदाचा खर्च माझ्या माथी.

कोर्टाचा कारकून:
पाहा! मानच आहे शेवटी.

बर्डीचा टायपिस्ट:
ते पोरगं आज परत आलं होतं. कंपनीसाठी स्मॉलवाली कॉपी नेली अन् घरी बाबांना दाखवायला सगळी कॅपिटलवाली. दोन्हीचे पैसे घेतले.