ग्वाल्हेरात पहाटेच्या गाडीपासून रात्रीच्या गाडीपर्यंत: काय बघू, काय सोडू?

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आतेबहिणीच्या लग्नाला दिल्लीला निघालोय, मी आणि बाबा. वाटेत ग्वाल्हेरला उतरायचंच, हा बाबांचा हट्ट. गाडी पहाटे साडेपाचला पोचते, पुढची रात्री दहाला. वार गुरुवार.

बाबा एकाहत्तरचे आहेत. सपाटीवर माझ्यापेक्षा जास्त चालतात, चढावर थांबत थांबत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकून मिरजेला आले, हे लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकत आलेय. त्यांना त्या गायकीचं गाव बघायचंय आणि मला किल्ला. नेटवरच्या यादीत चौदा ठिकाणं आहेत, ती वाचूनच दमले. आणि सामानासाठी हॉटेल घ्यावं का?

लष्करवाले_काका

ताई, चौदातली दहा खोडून टाका.

हॉटेलचे पैसे वाचवा. स्टेशनवर क्लोकरूम आहे. बॅगांना कुलूप लावून आणा, बिनकुलपाची घेत नाहीत. तिकीटही जवळ ठेवा. वेटिंग रूममध्ये आवरा, बाबांना चहा पाजा आणि उजाडेपर्यंत बसून राहा. डिसेंबरातलं आमच्याकडचं धुकं म्हणजे समोरची म्हैस दिसत नाही. सातच्या आत बाहेर पडून काही हाती लागत नाही.

आता मुद्द्याचं. स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणेल, उरवाई गेटकडून नेतो, गाडी वरपर्यंत जाते. ऐकू नका. तुम्ही पूर्वेकडून, किला गेटच्या बाजूनं चढा. मानमंदिर म्हणजे देऊळ नव्हे, किल्ल्यावरचा राजवाडा; त्याचा दर्शनी तट पूर्वेला तोंड करून आहे आणि त्यावरच्या निळ्या-पिवळ्या फरश्या सकाळच्या उन्हातच बोलतात. हत्ती, केळीची झाडं, ओळीनं चाललेली पिवळी बदकं. दुपारी तोच तट सावलीत जातो आणि लोक मग म्हणतात, फोटोत होता तसा नाही दिसला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मानसिंह तोमर गादीवर आला, त्याचं हे काम.

पण त्याआधी बाबांना तानसेनाच्या समाधीकडे न्या. ती हजीरा भागात आहे, किला गेटपासून लांब नाही, ई-रिक्षा मिळते. तिथली मोठी घुमटाची इमारत तानसेनाची नव्हे बरं का, ती सूफी संत मुहम्मद ग़ौसांची कबर. तिच्या दगडी जाळ्या सावकाश बघा, एकीसारखी दुसरी नाही. तानसेन शेजारी खांबांच्या उघड्या चौथऱ्यावर आहे, अगदी साधा. जवळ चिंच आहे. तिचा पाला चघळला की गळा गोड होतो म्हणतात, बाबांना चघळू द्या. तेवढ्यात धुकंही उठतं.

मग चढ. दगडी फरसबंदीचा उतार आहे, अंगावर येतो, पण एकामागून एक दरवाजे लागतात आणि प्रत्येक दरवाजा म्हणजे बसायला निमित्त. वाटेत कातळात कोरलेलं चतुर्भुजाचं, म्हणजे विष्णूचं देऊळ आहे. इतकं लहान की निम्मी माणसं न थांबता पुढे जातात. तुम्ही थांबा. आतल्या भिंतीवर इ. स. ८७६चा लेख आहे. देवाला फुलबाग दिली, २७० हात लांब, १८७ हात रुंद, शिवाय रोजच्या ५० माळा, असा हिशेब. त्यातल्या २७० आणि ५० मधलं शून्य बघा: छोटंसं वाटोळं, बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक. अकराशे वर्षांपूर्वीच्या दगडावरचं शून्य तुम्हाला-मला विचारल्याशिवाय वाचता येतं! मला सगळ्या किल्ल्यात ही जागा सगळ्यात आवडते. मानमंदिराच्या तळघरातली वटवाघळं नाही पाहिली तरी चालेल.

वर गेल्यावर सगळी सपाटी. सासबहूची देवळं, तेलीका मंदिर, मग उरवाईकडून उतरा. तिथे रस्त्याच्या कडेच्या कड्यात जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्यात, सगळ्यात उंच सतरा मीटरच्या आसपास. त्या बघायला पायरी चढावी लागत नाही, मान वर केली की झालं. तिथून शहराचा लष्कर भाग जवळ.

जय विलास, म्हणजे शिंद्यांचा वाडा, सोडा. तिकीट महाग, दोन-अडीच तास जातात आणि बाबांचे पाय तोवर बोलायला लागलेले असतील.

गोरखीची_सून

काका, अर्धं पटलं. पण मराठी माणसाला शिंद्यांचा वाडा सोडायला सांगता? दरबार हॉलची दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची! १८७४ साली वाडा उठला तेव्हा छताला वजन पेलेल का हे बघायला हत्ती चढवले होते म्हणतात. खरं-खोटं हत्तींना माहीत. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी तर माझ्या मुलानं तीनदा बघायला लावली.

तरी ताई, मला विचाराल तर तुम्ही वाड्याऐवजी गूजरी महाल करा. तुम्ही चढणार त्या दरवाजातच आहे. आता तिथे संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, तुमचा गुरुवार. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे दगडात कोरलेली स्त्रीमूर्ती, तिथेच आहे. ती कुलपात ठेवलेली असते. तिकीट देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, उघडून दाखवतात. हात नाहीत, पाय नाहीत, आणि तरी ओठांच्या कोपऱ्यात काय चाललंय ते बघत उभं राहावं. अडचण एकच: ते दहाच्या सुमाराला उघडतं. म्हणजे तानसेनाकडे जरा रेंगाळा.

जेवायचं काकांनी सांगितलंच नाही. वर दाता बंदीछोड गुरुद्वारा आहे, तिथे लंगर असतो. डोकं झाकायला रुमाल ठेवा. गरम पोळी-डाळ, बसायला सावली आणि स्वच्छतागृह, एकाहत्तरच्या माणसाला आणखी काय हवं? सकाळी बेडई (डाळीच्या सारणाची तळलेली पुरी) आणि जिलबी खाऊन चढू नका, पोटात दगड होतो.

भोपाळी_बाबू

संध्याकाळी मानमंदिराला लाईट अँड साउंड शो असतो, तो कसा विसरलात?

लष्करवाले_काका

विसरलो नाही. त्यासाठी पुन्हा वर जायचं, थंडीत कुडकुडायचं आणि दहाच्या गाडीकडे जीव लागलेला. ज्याचा मुक्काम आहे त्यानं बघावा.

मिरजेची_लेक

काका, काकू, खूप आभार. जय विलास सोडलं, गूजरी महाल घेतला. बाबांना चिंचेचं वाचून दाखवलं, ते आत्तापासून घसा खाकरतायत. फक्त लष्करात उतरल्यावर गाण्याचं असं काय बघू?

लष्करवाले_काका

खरं सांगू? गाणं बघायला नसतं, त्यामुळे लष्करात थोडं कल्पनेनं फिरावं लागतं. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली इथे पडली, तीच पुढे शहर झाली आणि नाव लष्कर ते लष्करच. हद्दू खाँ, हस्सू खाँ, शंकर पंडित, कृष्णराव पंडित, सगळे ग्वाल्हेर गायकीचे गवई याच गल्ल्यांतले. बघण्यासारखं म्हणजे जीवाजीगंजातलं सरोद घर. सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं राहतं घर, आता जुन्या वाद्यांचं संग्रहालय. बंद होण्याची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. आणि माधव संगीत महाविद्यालय, १९१८ सालचं, भातखंड्यांच्या पद्धतीचं. संध्याकाळी बाहेरून चाललात आणि एखाद्या खिडकीतून पोरांचं पलटे (सुरांचे सरावाचे नमुने) घोकणं ऐकू आलं, तर बाबांना तिथे दहा मिनिटं उभं राहू द्या. आत विचारलंत तर बसूही देतील.

शेवटी बाडा, म्हणजे लष्करातला बाजाराचा मोठा चौक. नया बाजारातल्या बहादुराकडचे लाडू घ्या, तिथेच दोन खा, बाकीचे लग्नघरी. गजक (तिळाची कुरकुरीत वडी) डिसेंबरात ताजीच असते, पण लाडवांच्या पिशवीत कोंबू नका, पार चुरा होतो. रात्री बाड्याच्या आसपास गर्दी फार, आठला स्टेशनकडे निघा.

गोरखीची_सून

सव्वासातला! काकांच्या स्कूटरचा हिशेब नका धरू, रिक्षेचा धरा.