विषय : कंट्री गीतांतील कृतज्ञता
अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या 'कंट्री' या संगीतशैलीतल्या प्रेमगीतांतली कृतज्ञता ही बहुधा चुकलेल्या नवऱ्याची क्षमायाचनाच असते, हे आपले मत मला अर्धेच पटते. वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन या कंट्री गायकांनी मिळून लिहिलेल्या 'गुड हार्टेड वुमन'ला ते पूर्णपणे लागू पडते, कारण त्यात रात्री बाहेर घालवणाऱ्या पुरुषाला सांभाळून घेणाऱ्या स्त्रीचे कौतुक आहे, पण ते तिच्याविषयी बोलते, तिच्याशी नाही, आणि त्याने बदलावे अशी अपेक्षाही धरत नाही.

कंट्री गायक डॉन विल्यम्स यांनी गायलेले 1975 मधील 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' मात्र वेगळे आहे. वेलँड होलीफील्ड यांनी लिहिलेल्या या गीतात कोणताही अपराध नाही, की विरह नाही. बोटातली अंगठी, मुले, भुकेला भाकरी आणि वादळात निवारा अशा साध्या गोष्टींची नोंद करत नवरा थेट बायकोला आपली सर्वांत जवळची मैत्रीण म्हणतो, आणि विल्यम्स यांचा खर्जातला, घाई नसलेला स्वर त्या शब्दांना कुठेही भावविवश होऊ देत नाही. (त्यांचा स्वतःचा संसारही 1960 पासून 2017 मध्ये त्यांच्या निधनापर्यंत टिकला.) माझ्या मते या परंपरेतले हेच गीत अधिक धाडसी आहे, कारण काहीही बिघडलेले नसताना आभार मानणे त्याला महत्त्वाचे वाटते.