मदत हवी आहे: टी-२ वरचं ‘जय हे’ बाबांना नीट कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत बाबांना घेऊन कोचीला जातोय, विमान मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) वरून. बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. तिथल्या ‘जय हे’ संग्रहात त्यांचा जीव अडकलाय. कलासंयोजक राजीव सेठींच्या देखरेखीखाली उभं राहिलेलं, २०१४ पासूनचं हे संग्रहालय मला फार मोलाचं वाटतं. बॅगा ओढत निघालेल्या माणसासमोर थेट लोककला, मूर्ती, कोरीव झरोके! एरवी संग्रहालयाची पायरी न चढणाराही तिथे थबकतो.

पण देशांतर्गत प्रवाशांना यातला नेमका कोणता भाग बघायला मिळतो? सुरक्षा तपासणीआधी जास्त आहे की नंतर? बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे व्हीलचेअर घेणार आहोत. मदतनीस मध्ये थांबू देतात का, की थेट गेटवर नेऊन सोडतात? किती तास आधी पोचावं? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.