होलोकॉस्टच्या अभ्यासातून कविता काढून टाकायची का? गाईड म्हणतायत काढ

जाईजुई :
नमस्कार सगळ्यांना. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तौलनिक साहित्य, आणि डिझर्टेशन होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहाराच्या, साहित्यावर करतेय. चार प्रकरणं ठरवली होती, डायरी, आत्मकथन, कादंबरी आणि कविता. परवा गाईडना आराखडा दाखवला तर त्यांनी चौथ्यावर सरळ काट मारली. म्हणाले जिथे साठ लाख ज्यू मारले गेले तिथे आधी साक्ष बघायची, कविता म्हणजे भावना, आणि जर्मन तत्त्वज्ञ आडोर्नोनेच म्हणून ठेवलंय ना की आउशवित्झनंतर (नाझींची ती मृत्यूछावणी) कविता लिहिणं हा रानटीपणा आहे, मग प्रकरण कशाला. मला तिथल्या तिथे काही उत्तर सुचलं नाही, मान हलवून परत आले. पण खरं सांगते, हा विषय मी घेतलाच एका कवितेमुळे, ज्यू कवी पाउल त्सेलानची मूळ जर्मन टोडेसफूगे (मृत्यूची फ्यूग, फ्यूग म्हणजे संगीतातला एक प्रकार), तीही इंग्रजीतून वाचलेली, आणि नंतर दोन दिवस दुसरं काही वाचवलं नाही. आता तीच बाहेर काढायची म्हणजे कसंसंच होतंय. आठवड्यात आराखडा परत द्यायचाय. कवितेची बाजू मांडायची तर कशी मांडू? प्लीज मुद्द्याचं सांगा.

पिंपळपान :
आडोर्नोचं आधी निपटवून टाक. ते वाक्य १९४९ मधे लिहिलेल्या आणि १९५१ मधे छापून आलेल्या एका निबंधातलं आहे, तो निबंध संस्कृती आणि तिची समीक्षा यांच्यावर आहे, कवितेवर नाही. वाक्याचा अर्धाच भाग लोक घेऊन फिरतात. आणि १९६६ मधे त्यानेच परत लिहिलं की छळ होणाऱ्याला किंचाळायचा जेवढा हक्क तेवढाच न संपणाऱ्या यातनेला व्यक्त व्हायचा हक्क आहे, त्यामुळे आउशवित्झनंतर कविता लिहिता येत नाही हे म्हणणं कदाचित चुकलं असेल. हे दोन्ही तळटीपेत दे, गाईडना तिथे बोलायला जागा राहणार नाही. पण तुझा मुख्य प्रश्न याने सुटत नाही, साक्ष की भावना हा. त्याच्यावर इथल्या जाणकारांनी बोलावं.

वाळूचंघड्याळ :
जाईजुई, 'नंतर' या शब्दावरच बोट ठेव. तुझे गाईड आउशवित्झनंतरच्या कवितेबद्दल बोलतायत, पण कितीतरी कविता नंतरच्या नाहीतच, त्या आतल्या आहेत, मरण चालू असताना लिहिलेल्या. आत्मकथन लिहिणारा वाचलेला असतो, शेवट काय झाला हे त्याला माहीत असतं आणि ते माहीत असणं त्याच्या प्रत्येक पानात उतरतं. त्या कवींना पुढचा दिवस माहीत नव्हता.

मी दोन वर्षं बुडापेस्टला होते, यांच्या नोकरीमुळे, तिथे हंगेरियन कवी मिक्लोश रादनोती कळला. जन्म १९०९ चा, ज्यू म्हणून सक्तमजुरीला सर्बियातल्या बोरच्या तांब्याच्या खाणींवर पाठवला, १९४४ च्या सप्टेंबरात तिथून त्यांना हंगेरीच्या दिशेने पायी हाकलत नेलं, आणि नोव्हेंबरात ड्यॉरजवळच्या आब्दा गावाबाहेर, ज्यांच्यात चालायचं त्राण उरलं नव्हतं अशा बावीस जणांना गोळ्या घालून एका खड्ड्यात पुरलं. १९४६ च्या जूनमधे खड्डा उकरला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात एक छोटी वही निघाली. शाळकरी मुलाची असते तशी. आत पेन्सिलीने कविता, आणि हंगेरियन, सर्बियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा पाच भाषांत विनंती की ज्याला ही सापडेल त्याने ती अमुक माणसाकडे पोचवावी. विचार कर गं, मरण समोर दिसतंय आणि हा माणूस पाच भाषांत पत्ता लिहितोय. आता ही वही साहित्य की पुरावा ते तुझ्या गाईडनाच विचार.

शेवटच्या चार छोट्या कवितांना त्याने 'राझग्लेद्नित्सा' म्हटलंय, म्हणजे सर्बियनमधे पिक्चर पोस्टकार्ड. चौथीवर तारीख आहे ३१ ऑक्टोबर १९४४. तिच्यात शेजारी वायोलिन वाजवणारा सोबती मारला जातो, हा त्याच्याजवळ कोसळतो आणि स्वतःशी पुटपुटतो की तूही असाच संपणार, नुसता पडून राहा. कानावर रक्त मिसळलेला चिखल वाळतोय, तिथे कविता थांबते. दहाएक दिवसांत तो गेला. हे एका दमात वाच, मग भावना म्हण.

आणि पुरावाच हवा असेल तर झुझान्ना गिंचान्का बघ. पोलिश कवयित्री, ल्वूवमधे लपलेली असताना घराच्या केअरटेकरणीने तिच्याबद्दल पोलिसांना कळवलं. तेव्हा ती कशीबशी निसटली आणि १९४२ मधे कविता लिहिली, जुन्या पोलिश मृत्युपत्राच्या कवितेच्या धर्तीवर, की माझ्या उशा, चादरी, गालिचे घ्या, सोनं शोधायला उशा फाडा, माझं रक्त त्या पिसांना चिकटेल आणि तुमच्या हातांचे पंख होतील. त्यात त्या बाईचं नाव थेट लिहिलंय. गिंचान्काला पुढे क्राकूमधे मारलं, पण युद्धानंतर त्या बाईवर खटला चालला तेव्हा ही कविता कोर्टात पुरावा म्हणून आली आणि तिला चार वर्षांची शिक्षा झाली. कवितेतल्या नावामुळे!

गजाआड :
थोडं थांबवतो, राग नको मानू. वाळूताईंचं सगळं पटलं, पण कविता म्हणजे पुरावा या रस्त्याने जायला लागलीस तर अडचणीत येशील. अव्रोम सुत्झकेव्हर घे. विल्ना घेट्टोतला (ज्यूंना कोंडलेली वस्ती) यिडिश कवी, यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, २७ फेब्रुवारी १९४६ ला न्यूरेंबर्गच्या कोर्टात, नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यात, साक्ष दिली, यिडिशमधे द्यायची होती पण रशियनमधे द्यावी लागली, आणि बसायला सांगितलं तरी उभ्यानेच बोलला. म्हणजे साक्षीदार म्हणून याच्याहून पक्का माणूस मिळणार नाही. त्याच माणसाची १९४३ ची कविता आहे, घेट्टोतले लढणारे लोक ज्यू धर्मग्रंथ छापणाऱ्या, विल्नाच्या प्रसिद्ध 'रोम' (मालकांचं आडनाव) छापखान्यातले शिशाचे ठसे वितळवून गोळ्या ओततायत. अक्षरांच्या गोळ्या. अभ्यासकांचं मत असं की हे घडल्याचा आधार नाही. तर ही कविता खोटी म्हणून बाद करायची? मला नाही वाटत. पण मग ती ज्याची साक्ष देते ते म्हणजे काय घडलं हे नाही, तर तिथे आतल्या माणसाला काय हवंसं वाटत होतं, धर्मग्रंथ छापणाऱ्या शिशाचं काय व्हावंसं वाटत होतं. डायरीत हे इतकं उघड्यावर क्वचित येतं. माझ्या मते तुझ्या प्रकरणाचं हेच बीज आहे, रादनोती एका टोकाला आणि सुत्झकेव्हर दुसऱ्या, आणि दोघांना एकाच मापाने मोजलं की दोघांवर अन्याय.

अबोलीरंग :
मी जर्मन शिकवते, टोडेसफूगेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ती इंग्रजीतून वाचलीस तर अर्धी वाचलीस, हे दोष म्हणून नाही सांगत. त्सेलान तेव्हाच्या रोमानियातल्या चेर्नोवित्झ गावचा, आईने त्याला जर्मन शिकवलं, १९४२ मधे आईवडिलांना ट्रान्सनिस्ट्रिया भागातल्या छावणीत नेलं, वडील तिथे गेले आणि आईला गोळी घातली. मग ज्या भाषेत आई बोलायची त्याच भाषेत मारणारे बोलत होते, आणि त्याने लिहायला तीच भाषा ठेवली. कविता पहिल्यांदा छापली गेली ती मात्र रोमानियन भाषांतरात, १९४७ मधे, आणि तिथे नाव होतं मृत्यूचा टँगो.

मूळ मोठ्याने म्हणून बघ. अख्ख्या कवितेत एक विरामचिन्ह नाही, पहाटेचं काळं दूध पितो आम्ही पितो असं घोळत घोळत जातं, दम घ्यायला जागा नाही. यमकही नाही. एकदाच येतं, मृत्यू जर्मनीहून आलेला उस्ताद आहे त्याचा डोळा 'ब्लाउ', निळा, आणि पुढच्या ओळीत तो तुला शिशाच्या गोळीने टिपतो, बरोब्बर, 'गेनाउ'. ब्लाउ, गेनाउ. अख्ख्या कवितेतलं एकच यमक, आणि ते गोळी लागते तिथे. विद्यार्थ्यांना फळ्यावर हे दोनच शब्द लिहून दाखवते, वर्ग गप्प होतो. हे गद्यात करता येत नाही. आणि हेही लिही की युद्धानंतर ती जर्मन शाळांत शिकवली जायला लागली, काहींनी तिच्या सुंदर लयीचंच कौतुक केलं, आणि पुढे त्सेलानने ती जाहीरपणे वाचणं बंद केलं. म्हणजे तुझ्या गाईडना जी भीती वाटतेय, की सौंदर्याखाली मेलेली माणसं झाकली जातील, ती भीती कवीलाही होतीच. त्यांच्याशी भांडू नकोस, ही भीतीच प्रकरणात घे.

जाईजुई :
किती दिलंत सगळ्यांनी, डोळे भरून आले वाचताना. ठरवलं, प्रकरण ठेवणार, चौथं नाही पहिलं करणार, कारण वाळूताई म्हणतात तसं बाकी तीन शेवट माहीत असलेल्यांनी लिहिलेत (डायरी सोडून, ते नीट बघायला हवं). गजाआड दादांचं सुत्झकेव्हर आणि रादनोती एकत्र ठेवायचं पटलंय. एकच अडलंय. रादनोतीच्या त्या चौथ्या कवितेचं मराठी करून बघतेय, मधेच एक जर्मन ओळ येते, 'देअर श्प्रिंग्ट नोख आउफ'. ती मराठीत आणू का तशीच ठेवू?

अबोलीरंग :
तशीच ठेव. शब्दशः अर्थ 'हा अजून उठून उडी मारेल', म्हणजे याच्यात अजून जीव आहे. पण चिखलात पडलेल्या माणसाला ते वरून, परक्या भाषेत ऐकू येतंय. बाकी सगळं हंगेरियन, एवढी ओळ जर्मन. मराठी केलीस की बोलणारा आणि पडलेला एकाच भाषेतले होतात. अर्थ खाली तळटीपेत दे.

वाळूचंघड्याळ :
हो, आणि त्याच कवितेत मेलेल्या सोबत्याचं शरीर ताठ होतं, तुटायला आलेल्या 'हूर'सारखं. इंग्रजीत कुठे कुठे दोर वाचलाय मी. हंगेरियनमधे हूर म्हणजे वाद्याची तार, आणि तो वायोलिन वाजवायचा. तिथे दोरी लिहू नकोस, तार लिही.